वालाच्या दाण्यांचा पूल

८ डिसेंबर, रविवार

आज आमच्या पुलावर दोन नवरदेव समोरासमोर अडकले. एक वऱ्हाड आमच्या गावातून पडघ्याला निघालेलं, दुसरं पडघ्याकडून अंबाडीला. पूल एका गाडीच्या रुंदीचा, कठडा नाही, साठ मीटर लांब. फुलं लावलेल्या दोन्ही गाड्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या. कोणीतरी मागे घ्यावी, तर लग्नाला निघालेल्या नवऱ्याची गाडी आमच्याकडे मागे घेत नाहीत. दोन्हीकडचे मामा हट्टाला पेटले. बँडवाले आधी एकमेकांवर वाजवत होते, मग दमून एकाच दगडावर बसून वडापाव खाऊ लागले.

अडीच तासांनी तोडगा निघाला. नवरे उतरले, एकमेकांना ओलांडून चालत गेले आणि एकमेकांच्या गाडीत बसले. मग मागची वऱ्हाडं हटली आणि दोन्ही गाड्या रिव्हर्सने निघाल्या. गाडी मागे, नवरा पुढे. कोणाचाच शकुन मोडला नाही. मी हे सगळं बाभळीखाली उभा राहून बघितलं आणि घरी येईपर्यंत डोक्यात तेच फिरत राहिलं.

११ डिसेंबर

ग्रामसभा झाली. आनंदीबाई सरपंच आहेत, बोलतो त्यांचा मुलगा प्रितेश. त्याचे स्वतःचे चार ट्रक गोडाऊनवर लागलेत, म्हणून पुलाची कळ त्यालाच जास्त. पडघ्याच्या गोडाऊनांतून निघालेले ट्रक अंबाडीला जाताना आमच्या गावातून शॉर्टकट मारतात, दिवसाला शंभर तरी. पुलाच्या दोन्ही टोकांना सिग्नल पाहिजे, असं ठरलं. कोण बसवणार म्हटल्यावर सगळे छपराकडे बघायला लागले. मी हात वर केला.

एकाहत्तराव्या वर्षी हात वर करायला नको होता, असं माझ्या बायकोचं, ठकुबाईचं म्हणणं. पण भिवंडीत पस्तीस वर्षं लूम दुरुस्त केले आहेत. ताण्याचा एक धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, ती करामत मी शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी चोपडीतून शिकलो. शाळा सातवीपर्यंत. धागा थांबवता येतो तर ट्रक का थांबणार नाही?

१५ डिसेंबर, रविवार

नुसत्या तारा जोडून भागणार नाही, आधी डोक्यात पूल बांधला पाहिजे. दोन गाड्या एकाच वेळी आल्या तर? तीन आल्या तर? एकाच बाजूने येतच राहिल्या तर? डोक्यात धरलं की निम्मं सांडतं. म्हणून चौरंग उलटा करून त्यावर खडूने गोल काढले. एक गोल गावाकडे थांबलेल्यांचा, एक पडघ्याकडे थांबलेल्यांचा, दोन पुलावरचे. गोलांच्या मध्ये आडव्या रेघा, ती फाटकं. गाडी म्हणजे वालाचा दाणा. मधल्या छोट्या गोलात एकच चिंचोका. पुलावर चढायचं तर चिंचोका उचलायचा, उतरलं की परत ठेवायचा. चिंचोका एकच, म्हणून दोन्हीकडचे एकदम चढूच शकत नाहीत.

तीन तास दाणे सरकवले. मन इतकं लागलं की जेवण गार झालं. संध्याकाळी दाणे मोजले तर तीन कमी. ठकुबाईने बिरड्यासाठी भिजत घातलेल्यात टाकले होते. माझे तीन ट्रक तिने मोड यायला बांधून ठेवलेत.

२२ डिसेंबर, रविवार

नात भाविका आली. मुलीची मुलगी, कल्याणला कॉम्प्युटरचं इंजिनीअरिंग करते. चौरंग बघून आधी हसली, मग खाली मांडी घालून बसली. म्हणाली, आजोबा, हे आमच्या अभ्यासात आहे, एका परदेशी माणसाने साठ वर्षांपूर्वी शोधलंय, तो गोलांत ठिपके ठेवायचा. ऐकून क्षणभर वाईट वाटलं. मग बरं वाटलं, की वालाचे दाणे त्याच्याकडे नव्हते.

तिने माझा चौरंग लॅपटॉपवर उतरवला. तिच्याकडे एक अवजार आहे, ते दाणे ज्या ज्या तऱ्हेने मांडता येतील त्या सगळ्या तऱ्हा एकेक करून तपासतं. माणूस कंटाळतो, ते कंटाळत नाही. दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी मांडण्या तपासल्या. टक्कर कुठेच नाही, एकमेकांना अडवून बसणं कुठेच नाही. तिसरी तपासणी उपासमारीची होती. म्हणजे एखाद्याने थांबतच राहायचं आणि त्याची पाळी कधीच यायची नाही. तीही नाही. मी चहा टाकायला सांगितला.

निघताना तिने विचारलं, "आजोबा, पुलावरून जाणारं कोणी राहिलं नाही ना?"

मी बोटं मोजली. ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर, रिक्षा, मोटारसायकल. बैलगाडी आता कोणाकडे नाही. म्हटलं, एवढंच.

४ जानेवारी, शनिवार

सिग्नलचं उद्घाटन. दोन्ही टोकांना रस्त्यात तारेची वेटोळी पुरली आहेत. वर लोखंड आलं की त्यांना कळतं आणि खांबावरच्या सिग्नलच्या पेटीला निरोप जातो. पडघ्याकडून गाड्या जास्त, म्हणून एरवी तिकडचा दिवा हिरवा राहतो. गावाकडे गाडी आली की पाळी बदलते. पूल ओलांडायला पंधरा सेकंद लागतात, हे मी स्वतः स्कूटरवर बसून घड्याळ लावून मोजलं. समोर कोणी थांबलंच असेल तर कोणाचाही हिरवा दोन मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

प्रितेशने खांबाला पत्र्याचा मोठा फलक लावला, त्यावर आनंदीबाईंचा हात जोडलेला फोटो. त्याखाली मी भाविकाच्या तपासणीचा कागद लॅमिनेट करून लावला. शिवाय प्रितेशच्या हट्टाने पेटीच्या मागे मानाचं बटण बसवावं लागलं. सरपंचांची गाडी आली की ते दाबायचं आणि दिवा लगेच हिरवा. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, मिस्तरी, मान राखायला नको का. राखला.

पहिल्या दिवशी एकाही ड्रायव्हरने दुसऱ्याच्या आईबहिणीची आठवण काढली नाही. पस्तीस वर्षं भिवंडीत काढलेल्या माणसाला ही शांतता सहन व्हायला वेळ लागतो.

९ जानेवारी

शिस्त शिकावी तर पाड्यावरच्या मंगळ्याकडून. डोक्यावर गवताचा भारा घेऊन तो पडघ्याला जातो. सकाळी स्कूटरवरून पुलावर गेलो तेव्हा तो लाल दिव्याकडे बघत उभा होता. दूध घालून अर्ध्या तासाने परत आलो, तरी तिथेच, तसाच, न कुरकुरता. पूर्वी हेच लोक हात वर करून ट्रक थांबवायचे आणि मधूनच चालत सुटायचे. आता ड्रायव्हरला हिरवा मिळाला की तो कोणाच्या हाताकडे बघत नाही. नियम म्हणजे नियम. मी मंगळ्याला शाबासकी दिली. तो हसला आणि परत दिव्याकडे बघायला लागला.

त्याची सून तानी गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. तिचं गेट आठला बंद होतं. आज ती उशिरा पोचली, म्हणून तिला खूण पडली. तीन खुणा झाल्या की नाव यादीतून जातं. ठकुबाईने मला हे सांगितलं. मी निरोप पाठवला, की जरा लवकर उठत जा.

१३ जानेवारी, सोमवार

पेटीत भूत शिरलं आहे. दोन दिवस बघतोय, गावाकडे एकही गाडी नसते, तरी इकडचा दिवा हिरवा होतो. पडघ्याकडचे ट्रक रिकाम्या पुलाकडे बघत थांबतात. प्रितेशचे दोन फोन येऊन गेले. दिवसभर पेटी उघडून बसलो, तारा तपासल्या, एक रिले बदलला. भाविकाला फोन केला. ती म्हणाली, आजोबा, गणितात चूक नाही, बाहेर काहीतरी आहे.

संध्याकाळी सापडलं. तारेच्या वेटोळ्यावर कोणीतरी गंजकं घमेलं ठेवलं होतं. वेटोळ्याला वाटायचं गाडी उभी आहे. वर दगडही ठेवला होता, म्हणजे वाऱ्याने उडून आलं नव्हतं, कोणाचा तरी खोडसाळपणा. उचललं आणि नदीत भिरकावलं. आता दिवा पुन्हा शहाण्यासारखा वागतोय. रात्री गाढ झोप लागेल.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

ठकुबाईने तिळगूळ घेऊन मला पाड्यावर पाठवलं. तानी भांडी घासत होती, कामावर नव्हती. म्हणाली, गेटवरून परत पाठवलं, दुसरी खूण पडली. मी तिळगूळ दिला आणि वेळेचं महत्त्व सांगितलं. भिवंडीतली पहिली पाळी सातची असायची आणि मी पावणेसातला हजर असायचो, हेही सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मिस्तरीबाबा, तुमी कामाला कशावर जायचाव?"

मी म्हटलं, आधी सायकल, मग लूना. ती बरं म्हणाली आणि भांडी घासायला लागली. मंगळ्या अंगणात बसला होता. त्याने विचारलं, पुलावर एक घमेलं होतं ते कोणी नेलंन, ठाऊक हाय का. मी म्हटलं, कोणीतरी वात्रट पोरांनी ठेवलं होतं, मी टाकून दिलं. मंगळ्याने तानीकडे बघितलं. तिने पुढचं भांडं घासायला घेतलं. शिस्तीची माणसं.

१८ जानेवारी, शनिवार

आजची नोंद लिहायला बसलोय तेव्हापासून पेन दोनदा खाली ठेवलं.

स्कूटर गॅरेजला दिलेली. पडघ्याला सामान आणायचं होतं, म्हणून साडेसातला चालत निघालो. चाळीस वर्षांत मी त्या पुलाकडे चालत गेलो नव्हतो. गावाच्या टोकाला तानी, मंगळ्या आणि पाड्यावरच्या चौघी बायका उभ्या. दिवा लाल. मी जाऊन उभा राहिलो आणि सगळ्यांना म्हटलं, छान, रांगेत आहात.

पडघ्याकडून ट्रक येत राहिले. एक गेला की दुसरा. पुलावर ट्रक आणि माणूस शेजारी मावत नाहीत. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग एक मोटारसायकल आली, दिवा हिरवा झाला. मी म्हटलं, चला. कोणी हललं नाही. मी एकटाच निघालो. पंधरा पावलं गेलो नाही तोच पलीकडे हिरवा झाला आणि पहिला ट्रक माझ्यावर हॉर्न मारत चढला. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "चाचा, मरना है क्या? मेरा हरा है." खरंच त्याचा हिरवा होता. मीच दिला होता. पळत मागे आलो. एकाहत्तराव्या वर्षी पळालो.

तानी म्हणाली, "पंधरात आमी अर्ध्यात बी पोचत न्हाय. आनि आमी हुभे राह्यलो तरी त्या दिव्याला कलत न्हाय. लोखांड लागतंय त्याला. घमेलं ठेवलं म्हंजे कलत होतं."

पावणेआठ झाले होते. मी खांद्यावरची हत्यारांची पिशवी वेटोळ्यावर ठेवली. पाने-पक्कड एवढ्याने त्याला काही वाटलं नाही. इकडेतिकडे बघितलं. उद्घाटनाचा पत्रा दिसला. मंगळ्याने खालून धरला, मी वरचे बोल्ट काढले. गंजलेल्या एका बोल्टाने दहा मिनिटं खाल्ली. आनंदीबाईंचा हात जोडलेला फोटो रस्त्यावर आडवा केला आणि समोरचा ट्रक उतरल्यावर दिवा हिरवा झाला. सगळे पुलावरून गेले. तानी पळत गेली.

आठ वाजून सात मिनिटांनी पोचली. तिसरी खूण.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी तानी आपणहून आली. ओटीच्या पायरीवर बसायला लागली, ठकुबाईने हाताला धरून आत आणलं. मला वाटलं रागवायला आली असेल. ती म्हणाली, तो पूल तुम्ही चौरंगावर केलाय म्हणतात, तो दाखवा.

दाखवला. हा चिंचोका, हे फाटक, हे थांबलेले, हे निघालेले. तिला पटापट समजलं, माझ्यापेक्षा लवकर. सगळे गोल बघून झाल्यावर ती म्हणाली, "यात आमचा दाणा कुठं हाय?"

मी चौरंगाकडे बघितलं. ट्रक होते, टेम्पो होते, प्रितेशच्या गाडीसाठी वेगळा काळा दाणा होता. दोन हजार एकशे चौऱ्याऐंशी मांडण्या आणि एकीतही कोणी चालत नव्हतं.

ठकुबाईने डब्यातून मूठभर वाल तानीच्या ओंजळीत टाकले. तानी मांडायला बसली. ही मी. हा सासरा, भारा असला की दुप्पट वेळ. ही गरोदर बाई, दवाखान्याला. ही शाळेची पोरं, ती एका रांगेत जात नाहीत. हा आंधळा, याला दिवा दिसतच नाही. ही म्हैस, तिला दिसतो पण ती ऐकत नाही. हे मयताला चाललेले, हे पुलाच्या मधोमध खांदा बदलायला थांबतात. मी वहीत लिहून घेत गेलो. चौरंग पुरेना, ती जमिनीवर मांडायला लागली.

मी तिला म्हटलं, चूक माझी आहे, उद्या मी गेटवर येतो.

ती म्हणाली, "तुमी या. पन आधी दिव्याचा बगा. बाकीच्यांच्या दोन-दोन खुना झाल्यात."

२० जानेवारी, सोमवार

गोडाऊनच्या गेटवर सागर नावाचा सुपरवायझर आहे, पोरगा पडघ्याचाच, बोलायला सभ्य. मी सांगितलं, ही बाई रोज साडेसातला पुलावर हजर होती, उशीर माझ्या दिव्याने केला. त्याने मोबाइल दाखवला. उशिराच्या कारणांची यादी असते. आजारपण, घरगुती, पाऊस. चौथं कारण नाही. तिसरी खूण पडली की नाव आपोआप निघतं, त्याच्या हातात काही नाही. हेड ऑफिसला फोन केला तर ते म्हणाले, सुपरवायझरने लेखी कळवल्याशिवाय आम्ही काही करत नाही. सागर म्हणाला, हेड ऑफिसने परवानगी दिल्याशिवाय मला लेखी कळवता येत नाही. दोन गाड्या नाकाला नाक लावून उभ्या. मला हसू आलं नाही. त्याच्या यादीत आणि माझ्या चौरंगात काय फरक होता?

शेवटी मी त्याला म्हटलं, पूल इथून किलोमीटरभरावर आहे, माझ्याबरोबर चालत चल. आला. पूल ओलांडून गावाच्या टोकाला उभं राहिलो. वीस मिनिटं लाल दिव्यासमोर ठेवला. अकराव्या मिनिटाला त्याने हात वर करून ट्रक थांबवायचा प्रयत्न केला.

परत गेल्यावर त्याने जे जमलं ते केलं. तानीचं नाव नव्या कामगारांत नव्याने घातलं. जुना नंबर गेला, त्याबरोबर दोन वर्षांची नोकरीही गेली. आता ती आजच कामाला लागलेली पोरगी. तानीने अंगठा टेकवला. बाहेर आल्यावर मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. ती म्हणाली, ऱ्हावदे बाबा, आणि आत गेली.

२३ जानेवारी

चालणाऱ्यांसाठी बटण बसवलं. ओंजळीत ओझं असलेल्याला कोपराने दाबता येईल इतकं खाली आणि मोठं. दाबलं की नव्वद सेकंद दोन्हीकडून गाड्या बंद. ते नव्वद सेकंद मी घड्याळ लावून मोजले, यावेळी मंगळ्याचा भारा माझ्या डोक्यावर घेऊन, चालत. पेटीत जास्तीची जागा नव्हती, म्हणून मानाच्या बटणाची तार काढून याला दिली.

प्रितेश भांडायला आला. आईचा पत्रा रस्त्यावर टाकला, आईचा मान काढला, आईची गाडी आता लालला थांबणार का. आनंदीबाई त्याच्यामागे उभ्या होत्या. त्यांचा आवाज मी ग्रामसभेत कधी ऐकला नव्हता. त्या म्हणाल्या, "मला कुठं जायची घाई हाय? घाई तुला हाय." मग त्या बटण दाबून पूल ओलांडून चालत गेल्या, भावाच्या घरी असाव्यात. प्रितेशची गाडी मागे लालला उभी राहिली.

भाविकाला तानीची यादी पाठवली होती. तिचं अवजार काल दुपारपासून मांडण्या तपासतंय. कोटी ओलांडल्या, म्हणाली. म्हैस घातल्यापासून आकडा नुसता फुगत चाललाय. आजोबा, हे बहुतेक कधीच संपणार नाही, म्हशीला वगळू का? मी म्हटलं, वगळू नकोस.

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी साडेसातला बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. तानीने कोपराने बटण दाबलं. ट्रक थांबले. पाड्यावरचे सातजण चालत पलीकडे गेले, कोणी पळालं नाही. सात पस्तीसला. मला इतका आनंद झाला की घरी येऊन ठकुबाईला सबंध हकिगत दोनदा सांगितली. भाविकाला सांगितलं. गॅरेजवाल्यालाही सांगितलं.

संध्याकाळी सहा वाजून गेले तरी मंगळ्या गावाच्या टोकाला उभा दिसला. भारा नाही, काही नाही, पलीकडे बघत. मी स्कूटर थांबवली. पलीकडे, पडघ्याच्या टोकाला, तानी आणि बाकीचे उभे. गावातून ट्रॅक्टर सुटत होते, शनिवारचे, एकामागून एक. मध्ये त्यांच्याकडे हिरवा झाला तरी त्यांच्या मागून ट्रक घुसत होते. मंगळ्याने इकडचं बटण दाबलं तेव्हा ते सगळे आले.

तानी माझ्यासमोरून जाताना थांबली. दमलेली होती, पण राग नव्हता.

"मिस्तरीबाबा," ती म्हणाली, "कामाला गेल्याव घरी बी याचं आसतंय."

बटण मी एकाच टोकाला बसवलं होतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झालं की सगळे शाळेत जिलेबीला थांबले. मी पहार आणि फावडं घेऊन पडघ्याच्या टोकाला गेलो. दुपारपर्यंत निम्मा चर खणला. तानी आली आणि माझ्या शेजारी दगडावर बसली, मदतीला नव्हे, लक्ष ठेवायला. कोण कोण या टोकाला येतं ते ती सांगत होती आणि मी खणता खणता ऐकत होतो. अजून तिचं सांगून झालेलं नाही.